घाटातली रेल्वे आणि घाटरस्ता, दोन्ही एकाच सहलीत बसेल का? (गोवा–बेळगाव)

साखळकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही साखळीचे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठेतरी न्यायचंय, पण यंदा समुद्र नको असं घरात एकमताने ठरलंय. (गोव्यात राहून समुद्राला कंटाळता का, असं पुण्याची नणंद विचारते. हो, कंटाळतो.) मंडळी अशी: आम्ही दोघं, दीर, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंनी सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

त्यांचं माहेर मिरजेकडचं. लग्नानंतर माहेरी जायच्या त्या छोट्या रुळांच्या गाडीने, दूधसागरावरून. "पुन्हा एकदा त्या गाडीतून धबधबा बघायचाय" हे त्यांचं कधीपासूनचं पालुपद. त्यात मुलाने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ दाखवला, त्यात 'दूधसागर हेरिटेज ट्रेन' असं लिहिलं होतं. तिचं बुकिंग कुठे होतं? आणि आपली गाडी घेऊन घाटरस्तापण करायचाय, तर गाडी ठेवायची कुठे आणि परत आणायची कशी? चोर्ला बरा की अनमोड? शक्यतो एका दिवसात, फार तर एक मुक्काम.

---

पातळभाजी_दोन_पाव

ताई, हेरिटेज ट्रेन वगैरे काही नाही. उटीला आहे, दार्जिलिंगला आहे, आपल्याकडे माथेरानला आहे. घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याहून वर जाते ती साधी एक्सप्रेस, जिच्यात लोक हावड्याला आणि दिल्लीला जातात. व्हिडिओवाल्यांना मथळा पाहिजे असतो.

---

मीटरगेज

वरच्या प्रतिसादाशी निम्मा सहमत. खास पर्यटकांची गाडी नाही, हे खरं. पण वारसा म्हणाल तर तो मार्ग आहे, गाडी कुठली का असेना. माझे वडील कुळ्याला रेल्वेत होते, बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं, त्यामुळे जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढे सरका.

१८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. मुरगावला बंदर आणि तिथून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे, असा बेत. त्याच करारात गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला, आणि आपल्या मिठागरांचं कंबरडं मोडलं ते तेव्हा. करार १८९२ ला संपला, पण रेल्वे राहिली. 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे' असं कंपनीचं नाव. १८८० च्या दशकात काम सुरू झालं आणि १८८८ पर्यंत रूळ घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला भिडले. घाटाला नाव दिलं ब्रागांझा, पोर्तुगालच्या राजघराण्याचं. कंपनीला पैसा काही सुटला नाही. १९०२ मध्ये गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं.

कुळे ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे २६ किलोमीटर. चढ सदतिसाला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. मोटारीला हा चढ काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्याच्या दृष्टीने हा उभा डोंगर. म्हणून कुळ्याला गाडीच्या मागे ढकलायला इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. खरी भीती मात्र चढताना नसते, उतरताना असते. म्हणून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक कॅसलरॉकला तपासल्याशिवाय ती खाली सोडत नाहीत, आणि वाटेतही करंझोळ, दूधसागर, सोनावळी अशी ठाणी फक्त गाडी ताब्यात ठेवण्यासाठी आणि क्रॉसिंगसाठी आहेत. तिथे गाव नाही. स्टेशनमास्तर, पॉइंट्समन, माकडं आणि पाऊस.

वाफेच्या जमान्यात बोगद्यात शिरताना खिडक्या पटापट खाली ओढायच्या, नाहीतर पांढऱ्या शर्टाचा राखाडी व्हायचा. फायरमनची मंडळी ओला पंचा तोंडाला बांधायची. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झालं आणि ती छोटी गाडी गेली. तुमच्या सासूबाईंची तीच असणार. मुंबईहून येणाऱ्यांनाही मिरजेला मोठ्या गाडीतून उतरून तिच्यात बसावं लागे. बोगदे आणि वळणं मात्र त्याच जागी आहेत.

---

कुंदाप्रेमी

बेळगावहून लिहितोय. रेल्वेवाल्यांचं झालं असेल तर रस्त्याचं बोलू.

गोव्यातून आमच्याकडे यायला मुख्य घाट दोन. अनमोड म्हणजे फोंडा, धारबांदोडा, मोले, मग घाट चढून अनमोड, पुढे रामनगर, लोंढा, खानापूर. राष्ट्रीय महामार्ग तोच. चोर्ला म्हणजे तुमच्या साखळीवरून केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी, मग बेळगाव. तुम्हाला चोर्ला घरचाच. गोव्याच्या बाजारात जी भाजी पोचते ती याच दोन वाटांनी उतरते, त्यामुळे पहाटे टेम्पोवाल्यांच्या तावडीत सापडायचं नसेल तर उजाडल्यावर निघा. रात्री चढून आलेला चालक उतारावर पेंगत असतो, हे डोक्यात ठेवा.

पावसाळ्यात दोन्हीकडे दरड, खचलेला रस्ता, अवजड वाहनांना बंदी, हे दरवर्षीचं. ऑक्टोबरअखेर ठीक असतं, तरी निघायच्या आदल्या दिवशी चौकशी कराच.

---

साखळकरीण

मीटरगेज, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. पंचाचं ऐकून हसल्या. म्हणाल्या, "आम्ही पदर धरायचो."

पण गाडीचा प्रश्न तसाच आहे. आम्ही रेल्वेने वर गेलो तर आमची मोटार खाली. मोटारीने वर गेलो तर रेल्वेने खाली आल्यावर मोटार वर.

---

पातळभाजी_दोन_पाव

दीर कशाला आहेत मग? 😀

---

मीटरगेज

+१. विनोद नाही, तोच उपाय आहे. मी असं करीन:

सकाळी सगळे मोटारीने मडगाव. हावड्याकडे जाणारी अमरावती एक्सप्रेस सकाळी वास्कोहून निघते आणि घाट दिवसाउजेडी चढते. रोज नसते, आठवड्यातले ठराविक दिवस, म्हणून सहलीची तारीख आधी गाडीच्या वारावरून ठरवा आणि मग सुट्टीचं बघा. तुम्ही मंडळी मडगावला चढा, लोंढ्याला उतरा. दीर मोटार घेऊन सावर्डे, मोले, अनमोड, रामनगर करत लोंढ्याला येतील. मालगाडीची वाट बघत गाडी घाटात थांबली तर दीर तुमच्या आधी चहा पीत बसलेले असतील. लोंढ्याहून पुढे खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी. चढ रेल्वेने, उतार मोटारीने, आणि त्याच वाटेने परत फिरावं लागत नाही.

गोवा एक्सप्रेस रोज असते, पण ती वास्कोहून दुपारी सुटते. दिवाळीच्या दिवसांत सूर्य लवकर मावळतो, त्यात वर पोचल्यावर तुम्हाला अंधारात चोर्ला उतरावा लागेल. त्यापेक्षा सकाळची.

आणि वास्को–कुळे पॅसेंजरने फसू नका. स्वस्त आहे, रिकामी आहे, पण ती कुळ्यालाच थांबते, घाट चढत नाही. लोक तिच्यात बसून दूधसागर कधी येणार म्हणून टीसीला विचारतात.

---

रानवाट

एक विचारू का? कुळे–दूधसागर असं तिकीट काढून दूधसागर स्टेशनला उतरलं, धबधब्याखाली आंघोळ केली आणि पुढच्या गाडीने परत आलं, असं नाही का जमत? कॉलेजात असताना आम्ही कॅसलरॉकहून रुळावरून चालत आलो होतो. काय मजा होती!

---

मीटरगेज

नाही. आणि कृपा करून हे इथे सुचवू नका, लहान मुलं वाचतात.

रुळावरून चालणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि आता तो खपवून घेतला जात नाही. २०२३ च्या जुलैत रुळावरून गेलेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. दक्षिण पश्चिम रेल्वेने तेव्हाच सांगितलं होतं की धबधबा डब्यात बसूनच बघा.

मजेचं म्हणाल तर बोगद्यात मधोमध असताना गाडी आली की मजा कळते. बाजूला उभं राहायला जागा किती असते ते गँगमनला विचारा. त्याची वाटच ती असते, तरी तो बोगद्यात शिरण्याआधी दोनदा कान लावतो.

---

रानवाट

बरं बरं, चिडू नका काका. मग धबधब्याच्या पायथ्याशी जायचं कसं?

---

मोलेकार

जीपने. माझा भाचा तिथे जीप चालवतो म्हणून माहीत आहे. कुळ्याला काउंटर आहे, तिथून अभयारण्यातून जीप जाते, वाटेत ओढे ओलांडते, शेवटचा टप्पा दगडातून पायी. लाइफ जॅकेट सक्तीचं. पावसाळ्यात जीप बंद, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात आणि मे पर्यंत चालतात. पहिल्या आठवड्यांत आणि शनिवार-रविवारी सकाळी रांग लागते. बाहेरची गाडी आत सोडत नाहीत.

पण ताई, गुडघे दुखणाऱ्या आजींना जीपमध्ये बसवू नका. हाडं खिळखिळी होतात. त्यांना रेल्वेच बरी.

आणि लोकांचा एक गोंधळ असतो तो सांगून टाकतो. जीप पोचते तिथून धबधबा खालून वर दिसतो, आणि गाडीचा पूल मध्ये आडवा. रेल्वेतून तुम्ही त्या पुलावर असता. ३१० मीटरचा धबधबा कुठल्याच एका जागेवरून पुरा दिसत नाही.

---

साखळकरीण

मीटरगेज यांचा बेत पक्का. दिरांनी आधी नाक मुरडलं, मग म्हणाले, "एकट्याने गाडी चालवायची, कोणी मागून गाणी बदला म्हणणार नाही? जातो."

आता प्रश्न बाजूचा. उजवीकडच्या खिडक्या की डावीकडच्या?

---

कुंदाप्रेमी

डावीकडे. दरी डावीकडे असते.

---

पातळभाजी_दोन_पाव

उजवीकडे. मी स्वतः बघितलाय.

---

मीटरगेज

दोघेही बरोबर आणि म्हणूनच दर वर्षी हे भांडण होतं. गोव्याकडून वर जाताना पुलावर पाणी उजव्या हाताला, कड्यावरून थेट अंगावर येतं. दरी डावीकडे. खाली उतरणाऱ्या गाडीत हे सगळं उलट. म्हणजे कुंदाप्रेमी, तुम्ही बेळगावहून येता तेव्हा तुमची डावी बाजू धबधब्याची, वर जाताना नाही.

आजींना उजवीकडची खिडकी. मुलांना दोन्हीकडे पळू द्या. पण दारात उभं राहायचं नाही, फोन हातात धरून तर नाहीच. आणि एसी डबा घेऊ नका. काच बंद, त्यावर धूळ, त्यातून दिसणारा दूधसागर घरी टीव्हीवर बरा दिसतो. स्लीपर घ्या. गार वारा आणि तुषार खिडकीतून आत येतात, त्याचेच पैसे.

---

सत्तरकार

सगळे रेल्वेचंच बोलताहेत, चोर्ल्याची कोणाला पडलेली नाही. मी केरीचा, म्हणून लिहितो.

उतरताना कणकुंबीला थांबा. माउलीचं देऊळ आहे, मलप्रभेचा उगम तिथलाच. तुमच्या मुलाला आठवीच्या भूगोलात पाणलोट क्षेत्र असेल, त्याला दाखवा: या पठारावर पडलेलं पाणी थोडं इकडे कललं तर म्हादईतून अरबी समुद्रात, थोडं तिकडे कललं तर मलप्रभेतून कृष्णेला आणि थेट बंगालच्या उपसागराला. कळसा नाल्याचं पाणी तिकडे वळवायचं की नाही, यावरून दोन राज्यं इतकी वर्षं भांडताहेत ती याच गावाशी. लवादाचा निवाडा २०१८ ला आला, भांडण काही मिटलं नाही.

चोर्ल्याला तीन राज्यांच्या हद्दी जवळजवळ येतात. मोबाईलला रेंज कधी कर्नाटकची, कधी महाराष्ट्राची, बऱ्याचदा कोणाचीच नाही. दिरांना आणि तुम्हाला लोंढ्याला भेटायची जागा आधीच ठरवा, फोनवर विसंबू नका. उतारावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरू नका. (रेल्वेवाले ब्रेक तपासायला गाडी थांबवतात, आपण तपासतो का?) खाली केरीजवळ अंजुणे धरण लागतं. ऑक्टोबरात काठोकाठ असतं.

एक विनंती. वळणावळणावर गाडी लावून माकडांना चिप्स देऊ नका. पिशव्या उतारावरून थेट म्हादई अभयारण्यात जातात, आणि माकडं मग गावात येऊन आमच्या नारळांवर बसतात.

---

फोंडेकर

वेळ उरला तर, नाहीतर पुढच्या वेळी, तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ. अनमोडच्या पायथ्याच्या रानात आहे. कदंब काळातलं, १२व्या–१३व्या शतकातलं, काळ्या बसाल्टचं. गोव्यात आपल्या पायाखाली सगळीकडे जांभा, आणि हे देऊळ मात्र काळ्या दगडाचं. घाटावरून आणला असं म्हणतात. पोर्तुगीजांच्या काळात किनाऱ्याकडची देवळं पाडली गेली, हे रानात असल्यामुळे वाचलं. दिरांना मोटारीतून एकट्याला जाता येईल, तुम्ही रेल्वेत असताना. पण मग लोंढ्याला चहा तुम्हाला प्यावा लागेल त्यांची वाट बघत.

---

लोहमार्ग_समर्थक

एवढा सुंदर मार्ग, पण एकेरी! एका मालगाडीसाठी प्रवासी गाडी खोळंबते. दुपदरीकरण झालं असतं तर पर्यटनासाठी वेगळ्या गाड्या सोडता आल्या असत्या. गोव्यातल्या चार लोकांनी बोंब मारून अडवलं.

---

मोलेकार

चार लोक? २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला रात्रभर रुळाजवळ माणसं बसली होती ती चार होती का? दुपदरीकरण तुमच्या-माझ्या सहलीसाठी नव्हतंच. मुरगावला उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जास्त नेता यावा, यावरून लोक पेटले होते. वास्कोत गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसते, ती बघा एकदा. शेवटी सर्वोच्च न्यायालयानेच २०२२ च्या मे महिन्यात कॅसलरॉक–कुळे टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

---

लोहमार्ग_समर्थक

कोळसा रस्त्याने ट्रकमधून गेलेला चालतो का मग? रेल्वेने प्रदूषण कमीच होतं. आणि मीटरगेज, तुम्ही रेल्वेचे, तुम्ही तरी बोला.

---

मीटरगेज

बोलतो. रेल्वेने माल नेणं ट्रकपेक्षा बरं, हे मला मान्य. पण हा घाट रेल्वे बांधणाऱ्यांचंही ऐकत नाही. २०२१ च्या जुलैत दूधसागर–सोनावळीत दरड येऊन मंगळूर–मुंबई गाडी घसरली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथेच मालगाडीचे डबे घसरून वाहतूक बंद पडली. वडील म्हणायचे, पावसाळ्यात या घाटात गाडी चालवत नाहीत, गाडीची मनधरणी करतात. आहे त्या एका रुळाला दरवर्षी टेकू देताना नाकी नऊ येतात, त्याच्या शेजारी दुसरा रूळ घालायला कडा आणखी कापायचा, हे मला पटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं.

---

संपादक मंडळ

दुपदरीकरणावर स्वतंत्र धागा आहे, पुढची चर्चा तिथे. इथे सहलीचंच राहू द्या.

---

साखळकरीण

मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण इथल्या सल्ल्यांवरच सगळं जमलं.

मडगावला गाडीत बसलो. स्लीपरचंच तिकीट काढलं. समोरच्या बाकावर हावड्याला निघालेलं एक बंगाली कुटुंब होतं, त्यांना दूधसागराचं काहीच माहीत नव्हतं. सावर्डे-कुडचड्यापर्यंत शेतं, पूल, माणसांची ये-जा. कुळ्याला गाडी थांबली आणि मागून एक धक्का बसला. मुलगा ओरडला, "बँकर!" सगळा डबा त्याच्याकडे बघायला लागला. त्यानंतर गाडी अशी हळू झाली की बाहेरची पानं मोजावीत. वेग हवा असेल त्याने या गाडीत बसू नये.

पहिल्या बोगद्यात मुलीने घाबरून हात धरला, नंतरच्या बोगद्यांत ती "आता अंधार, आता उजेड" करत बसली. बोगद्यातून बाहेर पडल्यावर डावीकडे दरी एकदम उघडते आणि पुन्हा झाकली जाते. एका वळणावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. सासूबाई खिडकीला चिकटून. पुलावर गाडी आली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पुढे गेल्यावर म्हणाल्या, "तेव्हा गाडी लहान होती म्हणून हा मोठा वाटायचा असं मला वाटत होतं. नाही, मोठाच आहे." तुषार खरंच आत आले. बंगाली काकूंनी छत्री उघडली, त्यावरून जी हसाहशी झाली ती करंझोळपर्यंत पुरली.

करंझोळला समोरून मालगाडी येईपर्यंत थांबलो. रान इतकं जवळ की फांदी हाताला लागावी. सासूबाईंनी तेवढ्यात डबा उघडला आणि बंगाली मंडळींना पोळी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, त्यांनी आम्हाला संदेश ही त्यांची मिठाई दिली. वेळापत्रकाकडे कोणी बघत नव्हतं.

कॅसलरॉकला हवा एकदम बदलते. मीटरगेज, तुमच्यासाठी मुलाने स्टेशनच्या पाटीचा फोटो काढलाय. एकेकाळी इथे गोव्याची हद्द संपायची आणि सामान तपासलं जायचं, हे त्याला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. सासूबाई म्हणाल्या, ५५ साली सत्याग्रहानंतर पोर्तुगीज हद्दीत गाड्या बंदच झाल्या होत्या, त्यांच्या सासरची मंडळी मिरजेला जायला मग गोवा मुक्तीपर्यंत अडकली होती. हे घरात आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं.

लोंढ्याला दीर हजर. तांबडी सुर्ला करून, वर रामनगरला चहा घेऊन. फोंडेकर, तुमचा निरोप त्यांनी पाळला. देवळासमोर ते एकटेच होते, असं दिवसभर सांगत होते.

खानापूर सोडल्यावर जांबोटीचा रस्ता मात्र ठिकठिकाणी खड्ड्यांचा. लहान गाडी असेल तर सांभाळून. कणकुंबीला थांबलो, माउलीचं दर्शन घेतलं. मुलाने पाणलोटाचं चित्र वहीत काढून घेतलं, शाळेत दाखवणार म्हणे. चोर्ला उतरताना दिरांना गिअरवरून मी इतक्या सूचना दिल्या की त्यांनी गाडी बाजूला घेऊन चावी माझ्याकडे पुढे केली. मग मीच उतरवली. सत्तरकार, दुसऱ्या गिअरवर. वळणांवर थांबलो ते फक्त एकदा, चिप्स न खाता. अंजुण्याचं पाणी दिसलं तेव्हा अजून उजेड होता.

मुक्काम लागलाच नाही.

---

सत्तरकार

वा! केरीला उतरल्यावर घरी यायचं होतं की.

---

मीटरगेज

पाटीचा फोटो टाका इथे. आणि सासूबाईंना एक विचारा: त्यांच्या वेळी कुळ्याच्या फलाटावर भजी मिळायची का? आमच्या घरात यावरून वाद आहे.

---

साखळकरीण

विचारलं. म्हणतात, भजी आठवत नाही, पण चहा मातीच्या भांड्यात नव्हता, काचेच्या पेल्यात होता, आणि पेला परत द्यायला गाडी सुटेपर्यंत पोरगा खिडकीखाली पळत यायचा.

---

मीटरगेज

तो पेला माझ्या काकांच्या टपरीवरचा असणार. भजीवाली बाजू घरात मी हरलो असं धरतो.

---

रानवाट

साखळकरीण ताई, आम्ही चौघे मित्र पुढच्या महिन्यात हाच बेत उलट करणार आहोत. मोटारीने चोर्ला चढून, लोंढ्याहून रेल्वेने खाली. दुधाची तहान ताकावर, जीप नंतर करू. एक शंका: मडगावहून दोन बाटल्या घेऊन वर जायचं, रात्री खानापूरला मुक्काम, चालेल ना?

---

कुंदाप्रेमी

चालणार नाही. गोव्यातली बाटली परवान्याशिवाय हद्दीबाहेर नेता येत नाही. अनमोड असो की कणकुंबी, नाक्यावर डिकी उघडायला लावतात, आणि बाटल्यांबरोबर तुमचा दिवसही तिथेच जातो. त्यापेक्षा खानापूरला मुक्काम करा, बेळगावात येऊन कुंदा न्या. त्याला परवाना लागत नाही. आणि उलट बेत करताना खिडकी डावीकडची घ्या.

---

पातळभाजी_दोन_पाव

उजवीकडची. 😀